मदत हवी आहे: धक्क्याखालच्या शिंपल्यात बसलेला हा मासा कोणता? माळ धुवू का थांबू?

मंडळी, मुक्काम फ्लोरिडा, टॅम्पा बेचा काठ. घरामागच्या लाकडी धक्क्याला कालवांच्या रिकाम्या शिंपल्यांच्या माळा सोडल्यात. त्यांवर नवी कालवं धरतात नि पाणी गाळतात, म्हणून इकडे बरेच जण टांगतात. अधूनमधून वर ओढून पाइपने चिखल धुतो.

परवा एका उघड्या जोडशिंपल्यात मासा निघाला. बोटभर लांब, शेवाळी-तपकिरी, बुळबुळीत, खवले कुठेच नाहीत. तोंड अंगाच्या मानाने भलतंच मोठं, पाठीवर डोक्यामागून शेपटीपर्यंत एकच सलग पर. शिंपल्याच्या आतून खसखशीसारखी अंडी एका थरात चिकटलेली. पाण्याबाहेर आला तरी बेटा हलेना, वर माझ्या बोटावर तोंड टाकलं! माळ लगेच खाली सोडली.

आधी निवटीच्या गोतातला वाटला, पण हा ब्लेनी (बिनखवल्यांचा छोटा किनारी मासा) दिसतोय. फ्लोरिडा ब्लेनी की फेदर ब्लेनी? आणि माळ किती दिवस धुवायची नाही?

प्रतिसाद १

निवटी आणि तिच्या गोतातल्या गोबी माशांच्या पाठीवर दोन वेगळे पर असतात, त्यामुळे ब्लेनीच. आता डोळ्यांच्या वर बघा. पिसासारखे फाटे फुटलेले तुरे असतील तर फेदर. तुरे नसतील आणि थोबाड टोकदार असेल तर फ्लोरिडा ब्लेनी, शास्त्रीय नाव कास्मोडिस साबुरी. मत्स्यशास्त्रज्ञ जॉर्डन आणि गिल्बर्ट यांनी 1882 मध्ये वर्णन केलेला, मुख्यतः तुमच्याच किनाऱ्यांवरचा. दोघेही जेमतेम 10 सेंमीपर्यंत वाढतात आणि दोघांनाही रिकामे शिंपले लागतात.

आत बसलाय तो बाप. मादी अंडी चिकटवून निघून जाते, कधी एकाच शिंपल्यात अनेकींची असतात. पर हलवून ताजं पाणी खेळवणं, खेकड्यांना हुसकावणं हे सगळं त्याच्याकडे. पाइपच्या जोराने तो उडाला तर अंडी गेलीच समजा. दिवस मोजू नका. पाण्यातच टॉर्च मारा, अंड्यांत पिल्लांचे चमकते डोळे दिसले की फुटायला आलीत. अंड्यांची रिकामी टरफलं उरली की धुवा.

धागाकर्ता

धन्यवाद! फोटो मोठा करून पाहिला, तुरे नाहीत, थोबाडही टोकदार. अंड्यांत डोळे अजून नाहीत. शेजारच्या माळा तरी धुऊ ना?

प्रतिसाद १

धुवा, पण आधी प्रत्येक रिकाम्या शिंपल्यात डोकावून. एवढ्या खोल्या बांधून दिल्यात, भाडेकरू एकटाच असेल असं नाही.