अनुभव धागा : पाखोमोवा, गोर्श्कोव आणि तो टँगो

हिमगौरी

मंडळी, बावन्नाव्या वर्षी मी आइस डान्स, म्हणजे बर्फावर स्केट घालून जोडीने नाचणं, शिकायला घेतला आहे. टोरांटोजवळच्या आमच्या रिंकवर रविवारी सकाळी सातला मोठ्यांचा वर्ग असतो. मोठे म्हणजे ज्यांचे गुडघे संगीताच्या आधी वाजतात ते. गेल्या महिन्यात वर्ग संपवून बुटांच्या नाड्या सोडत बसले होते, तेवढ्यात सीनियर मुलांचा सराव सुरू झाला. एका जोडीने टँगो धरला. मी एक पाय बुटात नि एक मोज्यात अशी तशीच बसून राहिले. सर म्हणाले, "हा टँगो रोमँटिका. ज्या बाईने बसवला ती एकोणचाळिसाव्या वर्षी गेली."

घरी येऊन रात्री दोनपर्यंत शोधत होते. ल्युदमिला पाखोमोवा, जन्म मॉस्को, ३१ डिसेंबर १९४६. आधी विक्तोर रिझ्किनबरोबर सोव्हिएत संघाची विजेती. १९६६ मध्ये ती जोडी फुटली आणि तिने फारसं कुणी ओळखत नव्हतं अशा अलेक्सांद्र गोर्श्कोवला जोडीदार म्हणून घेतलं. लोकांनी कपाळावर हात मारला म्हणे. जागतिक स्पर्धेत १९६७ ला तेरावे, १९६८ ला सहावे, १९६९ ला दुसरे, १९७० ला ल्युब्लियानात पहिले. त्याच वर्षी लग्न. मग १९७४ पर्यंत ती जागा कुणाला दिलीच नाही, आणि १९७६ मध्ये पुन्हा घेतली. १९७६ लाच इन्सब्रुकमध्ये आइस डान्स पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आला, त्याचं पहिलं सुवर्णही यांचंच.

तुमच्यापैकी कुणी त्या काळात तिकडे होतं का? टीव्हीवर, प्रत्यक्ष, कसंही पाहिलं असेल तर लिहा. बर्फावर पडल्याचे अनुभवही चालतील. त्यात मी आघाडीवर आहे.

मॉस्कोकर

ताई, १९७४ ते ८० मी मॉस्कोत इंजिनिअरिंगला होतो. पहिलं वर्ष नुसती भाषा शिकण्यात गेलं. होस्टेलच्या तळमजल्यावर 'क्रास्नी उगलोक' म्हणजे लाल कोपरा नावाची खोली असे. लेनिनचा अर्धपुतळा, वर्तमानपत्रं आणि एक टीव्ही. दाराशी देझूरनाया, म्हणजे पहाऱ्यावरची आजी, किल्ल्यांच्या बोर्डाखाली विणकाम करत बसलेली. ती जागची कधी हलत नसे. रात्री अकरानंतर आलात तर पाच मिनिटं उभं करून ऐकवायची, मग किल्ली.

फेब्रुवारी १९७६, इन्सब्रुकच्या अंतिम फेरीची संध्याकाळ. आजी बोर्ड सोडून आत आली आणि थेट पहिल्या रांगेत बसली. आम्ही गप्प सरकलो. पाखोमोवा तिची 'मीला' आणि गोर्श्कोव 'साशा', शेजारची पोरं असल्यासारखी. त्याच्यावर आदल्या वर्षी फुप्फुसाची शस्त्रक्रिया झाली होती, १९७५ ची जागतिक स्पर्धा त्यामुळेच हुकली. नाच संपेपर्यंत आजी पावलांकडे बघतच नव्हती खरं तर, त्याच्या छातीकडे बघत होती. श्वास लागला का, खांदे वर उचलतोय का. शेवटचा सूर थांबला तेव्हा मांडीवरची लोकर खाली पडलेली. तिला आम्ही उचलून दिली, तर म्हणाली, "हिला कुणीही मिळाला असता. हिने साशा घेतला."

खोलीत दोन तट होते हेही सांगतो. आम्ही तरुण पोरं इरिना मोइसेयेवाच्या बाजूची. ती आणि आंद्रेई मिनेन्कोव, तातियाना तारासोवाचे शिष्य, १९७५ चे जगज्जेते. दिसायला मोइसेयेवा म्हणजे... असो, आता नातवंडं वाचतात. इन्सब्रुकला ते दुसरे आले. त्यावरून आठवडाभर जेवणाच्या रांगेत वाद चालला.

त्याच हिवाळ्यात गोर्की पार्कच्या रिंकवर भाड्याचे बूट घालून उतरलो होतो. पायवाटांवर पाणी सोडून बर्फ करतात, त्यामुळे वळणावर झाड येतं. मला आलं.

न्यूजर्सीची_आई

माझी मुलगी अकरा वर्षांची. तिच्या रशियन कोचबाईंनी तिला पाखोमोवाचा जुना कृष्णधवल व्हिडिओ दाखवला. कन्येची पहिली प्रतिक्रिया : "ही तर उड्याच मारत नाही!" बरोबर आहे, आइस डान्समध्ये फिगर स्केटिंगच्या त्या गिरक्यांच्या उड्या नसतातच. जोडीदाराला डोक्यावर उचलून धरणंही नाही. मग उरतं काय, तर पाय.

कोचबाईंनी तिला बुटाचं पातं उलटं करून दाखवलं. पातं सपाट नसतं, मधे पन्हळ असते आणि दोन्ही बाजूंना धार. ज्या धारेवर झुकाल त्या बाजूला वळाल. डान्सच्या बुटाचं पातं टाचेकडे आखूड असतं, कारण दोघं इतकी जवळ असतात की एकाचं पातं दुसऱ्याच्या पायाखाली जायचं. मग बाई म्हणाल्या, डोळे मिट आणि ऐक. एकदा त्या स्वतः वळल्या, एकदा मुलगी. मुलीच्या पात्याचा आवाज खरवडल्यासारखा, किसणीवर खोबरं किसावं तसा. बाईंचा म्हणजे जाड कापड एका ओढीत फाडल्यासारखा, खोल आणि सलग. आता गाडीत घरी येताना आमच्याकडे फक्त 'आज किती वेळा किसलं' एवढाच हिशोब असतो.

नाचणी

मी भरतनाट्यमवाली, बर्फ फक्त फ्रीजमधला. पण हिमगौरीने नाव दिलं म्हणून चार व्हिडिओ पाहिले आणि चार तास गेले.

पहिली गोष्ट गुडघा. आमच्याकडे अरैमंडी, म्हणजे गुडघे वाकवून अर्धं बसल्यासारखं उभं राहणं, ढिली पडली की गुरूंची काठी जमिनीवर वाजते. पाखोमोवाचा गुडघा कधी ताठ होतच नाही. वाकलेला असतो आणि त्यातूनच पुढचा रेटा येतो.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. त्यांच्या प्रशिक्षक येलेना चाइकोव्स्काया मॉस्कोच्या गीतिस या नाट्यसंस्थेत नृत्यदिग्दर्शन शिकलेल्या होत्या. त्याआधीची वर्षं आइस डान्सवर इंग्रजांचा पगडा होता. म्हणजे बॉलरूम नाच, पाठ ताठ, चेहरा सभ्य, सगळं मापात. यांनी त्यात रशियन लोकसंगीत आणलं आणि बाईला चेहरा दिला. 'कुंपार्सिता' या धूनवरचा त्यांचा टँगो पाहा. ती त्याच्यापासून मान वळवते, आणि वळवलेली असतानाही तिचं लक्ष त्याच्यावरच आहे हे पाठमोऱ्या मानेवरून कळतं. आम्ही याला अभिनय म्हणतो आणि तो शिकवताना विद्यार्थिनीचं निम्मं आयुष्य खातो. ही ते एका धारेवर तोल सांभाळत करते!

गोर्श्कोवबद्दल कुणी फार बोलत नाही. पण तो नसता तर ती कुणावर रुसली असती? तो नाचात स्वतःला मागे ठेवतो. चांगला मृदंगवाला करतो तसं.

शंकासुर

विरजण टाकायची हौस नाही, पण परीक्षकांचं काय? परीक्षक ६.० पैकी गुण द्यायचे त्या काळात आइस डान्सचा निकाल पहिल्या दिवशी ठरायचा आणि शेवटपर्यंत हलायचा नाही. १९९८ च्या नागानोत तर एका परीक्षकाचं आधीच क्रम ठरवण्याचं फोनवरचं बोलणं टेप झालं होतं. सोव्हिएत आणि रशियन जोड्यांची ती सोन्याची रांग, १९७६, ८०, ८८, ९२, ९४, ९८, २००६, सगळी धुतल्या तांदळासारखी असेल असं मला वाटत नाही.

मॉस्कोकर

शंकासुरराव, शंका रास्त. पण १९६७ ला तेरावे आले तेव्हाही परीक्षक तसेच होते. आणि १९७२ ला युरोपचं विजेतेपद पश्चिम जर्मनीच्या बुक भावंडांनी यांच्याकडून घेतलंच की.

औषधवाली

मी १९८३ ते ८९ मॉस्कोत मेडिकलला होते. मला पाखोमोवा नाचताना माहीत नाही, गेल्यावर माहीत झाली.

१९८६ चा मे महिना. चेर्नोबिलला तीनच आठवडे झाले होते. घरून सातारहून तार, 'परत ये, दूध पिऊ नकोस'. वॉर्डमध्ये 'ल्युकेमिया' शब्द एरवीही खालच्या आवाजात बोलत, त्या महिन्यात तर कुजबुजत. १७ मे ला पाखोमोवा गेली, ल्युकेमियानेच. तिचा आजार चेर्नोबिलच्या कितीतरी वर्षं आधीचा, तरी वॉर्डमधल्या बायका दोन्ही गोष्टी एका दमात बोलायच्या. आमची सीनियर नर्स सांगत होती की १९७६ नंतर ती शिकवायला लागली, १९७७ ला मुलगी झाली, आणि आजारपण सुरू झाल्यावरही तिने शिकवणं सोडलं नाही. नताल्या आन्नेन्को आणि गेन्रिख स्रेतेन्स्की ही तिची जोडी टीव्हीवर दिसली की नर्स म्हणायची, "बघ, पाय मीलाचेच."

जूनमध्ये त्याच नर्सबरोबर वागान्कोवो दफनभूमीत गेले. 'उलित्सा १९०५ गोदा' स्टेशनवर उतरून चालत. सगळी गर्दी गायक-कवी विसोत्स्कीच्या कबरीकडे. दाराबाहेर फुलं विकणाऱ्या बाईकडून मी पाच कार्नेशन घेतली. आपल्याला सम संख्या सुचतच नाही, शगुनाच्या पाकिटात वरचा एक रुपया हवाच. ती बाई माझ्याकडे बघून म्हणाली, "कुणाकडे चाललीस, वाढदिवसाला?" रशियात जिवंत माणसाला विषम फुलं देतात, गेलेल्याला सम. तिने पाचातलं एक काढून माझ्या कोटाच्या खिशात खोचलं आणि त्याचे पैसे परत दिले.

कबरीवर चार ठेवली. पाचवं होस्टेलवर चहाच्या पेल्यात आठवडाभर टिकलं.

परभणी_ते_व्हँकुव्हर

वरचं वाचून आता लिहायलाच हवं. १९ फेब्रुवारी २०१०, व्हँकुव्हर, पॅसिफिक कोलिझियम. ऑफिसातल्या एकीला ताप आला म्हणून तिचं तिकीट मला मिळालं. म्हणाली, "आज कंपल्सरी डान्स आहे, कंटाळशील." कंपल्सरी म्हणजे सगळ्या जोड्यांना एकच नाच, पावलं तीच, बर्फावरची रेघ तीच. त्या दिवशी होता टँगो रोमँटिका.

तेवीस जोड्या. पहिल्या चारपाच पाहताना घड्याळाकडे बघत होतो. दहाव्या जोडीपर्यंत पावलं मला पाठ झाली, आता इथे ती मागे वळणार, आता इथे थांबल्यासारखं करून थांबणार नाही. मग जे कळायला लागलं ते पुढे कधी कुठल्याच खेळात कळलं नाही. नाच तोच असल्यामुळे माणसांमधला फरक तेवढा उरतो. शाळेत सगळ्या वर्गाने एकच कविता म्हणून दाखवावी तसं. मधे झांबोनी, म्हणजे बर्फ गुळगुळीत करणारं यंत्र, आलं आणि अंगण सारवावं तसं बर्फ सारवून गेलं, पुन्हा तोच टँगो. त्या दिवशी रशियाचे दोम्निना-शाबालिन पुढे होते. शेवटी सुवर्ण आमच्या कॅनडाच्या व्हर्च्यू-मॉयरना मिळालं, रशियाला कांस्य.

तेव्हा मला पाखोमोवा हे नाव माहीतही नव्हतं. नंतर वाचलं की हा नाच तिने, गोर्श्कोवने आणि चाइकोव्स्कायाने १९७४ मध्ये मॉस्कोत पहिल्यांदा दाखवला होता. तो इतका रुजला की जगभरच्या जोड्यांसाठी नेमला गेला. २०१० च्याच जूनमध्ये कंपल्सरी डान्स हा प्रकारच स्पर्धांमधून काढून टाकला, म्हणजे मी पाहिला तो ऑलिंपिकमधला शेवटचा. आणि आंतरराष्ट्रीय संघटनेच्या आइस डान्स तांत्रिक समितीचा अध्यक्ष तेव्हा गोर्श्कोव होता. ती जाऊन चोवीस वर्षं झाली होती.

माझं तिकीट फुकट होतं, हे त्या सहकारी बाईंना मी अजून सांगत असतो. त्या अजून चिडतात.

आजोबा_सध्या_एकटे

फार लिहीत नाही. आमची ही जाऊन सहा वर्षं झाली. दोघं मिळून भजनी मंडळ चालवायचो, ती पेटीवर. मंडळ अजून चालू आहे. ती ज्या जागी थांबायची तिथे आम्ही सगळे अजून थांबतो, नवीन पोरांना कारण माहीत नाही. गोर्श्कोव नोव्हेंबर २०२२ मध्ये गेल्याचं आजच वाचलं. परभणीकरांनी लिहिलेली ती चोवीस वर्षं डोक्यातून जात नाहीत.

हिमगौरी

आजोबा, तुमच्या मंडळाचं एखादं रेकॉर्डिंग असेल तर इथे नक्की टाका. ती थांबण्याची जागा ऐकायची आहे.

औषधवाली, तुमची फुलांची गोष्ट सरांना सांगितली. ते मूळचे रशियातले नाहीत, पण त्यांना माहीत होती. मग म्हणाले, चल, टँगोची पहिली चार पावलं करून बघ, भिंत धरून. तीन जमली. चौथ्याला किसणी, न्यूजर्सीची आई म्हणते तशी, आणि मग नेहमीचं आसन. डाव्या कोपरावर निळं झालंय. पुढच्या रविवारी पुन्हा तिसऱ्यापासून.