मदत हवी आहे: आत्याच्या गोल्डफिशचं वय कसं ओळखायचं?

नमस्कार मंडळी,

सातारच्या आत्याचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, ती मुलीकडे राहायला गेली आणि तिची माशांची टाकी पुण्याला आमच्याकडे आली. टाकीत एकच मासा आहे, ओरांडा गोल्डफिश. नाव सोन्या. आत्या रोज संध्याकाळी फोन करते आणि गुडघ्याचं सांगायच्या आधी विचारते, "सोन्या जेवला का?"

जेवतो व्यवस्थित. पण उन्हं वाढल्यापासून दुपारी वर येऊन तोंडाची उघडझाप करत राहतो, आणि पोटाकडचा केशरी रंग जाऊन पांढरा पडत चाललाय. फोटो घेऊन जवळच्या दुकानात गेले, तर दुकानदार म्हणाले, "ताई, म्हातारा झालाय तो, आता किती दिवस काढणार." कल्ल्यांवरचे ठिपके बघून त्यांनी व्हाइट स्पॉटचं औषधही दिलं. ते मी अजून टाकलेलं नाही. मासा खरंच म्हातारा असेल तर आत्याला तसं हळूहळू सांगायला हवं. नसेल, तर माझंच काहीतरी चुकतंय.

वयाची पंचाईत अशी की आत्या म्हणते, "तुझ्या लग्नाच्या आधीपासून आहे." माझं लग्न २०१३ सालचं. पण तिच्याकडे गोल्डफिशचं नाव कायम सोन्याच असतं. पहिला सोन्या गेल्यावर तिने दुसरा आणला एवढं मला पक्कं आठवतं. कधी आणला ते ना तिला आठवत ना मला.

शेपूट सोडून लांबी साधारण १२ सेंमी. डोक्यावरचा मांसल गोंडा इतका वाढलाय की डावा डोळा अर्धा झाकलाय. ठिपके रव्याच्या दाण्याएवढे, फक्त कल्ल्यांच्या झाकणावर आणि छातीजवळच्या परांच्या पहिल्या काट्यावर, ओळीने. उजव्या कल्ल्याच्या झाकणाची कड वहीचं पान दुमडावं तशी बाहेर वळलेली आहे. टाकी २ बाय १ बाय १ फूट. दर पंधरा दिवसांनी सगळं पाणी काढून नवीन भरते आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली धुते, आत्या करायची तसंच.

झाडाच्या खोडासारखी माशाच्या खवल्यांवरही वर्तुळं असतात असं वाचलं. ती बघून वय कळेल का?

प्रतिसाद

ताई, औषध टाकलं नाहीत हे फार बरं केलंत. तुम्ही वर्णन केलेले ठिपके आजाराचे वाटत नाहीत. व्हाइट स्पॉट अंगावर, शेपटीवर कुठेही मीठ भुरभुरल्यासारखा उठतो. फक्त कल्ल्यांच्या झाकणावर आणि पुढच्या परांच्या काट्यावर ओळीने दाणे येणं ही वयात आलेल्या नराची खूण आहे. म्हणजे सोन्या नर आहे आणि निदान वर्षाचा तरी आहे, एवढं त्यावरून कळतं.

लांबीवरून वय काढू नका. मोठ्या हौदात, भरपूर खाण्यावर दोन वर्षांत जेवढा वाढेल तेवढा छोट्या टाकीत पाच वर्षांतही वाढणार नाही. रंगाचंही तेच. पुष्कळ गोल्डफिश वय वाढतं तसे पांढरे पडतात हे खरं, पण कमी उजेडात आणि निकस खाण्यावर लहान मासाही फिका पडतो. गोंडा मात्र थोडं काही सांगतो. पिल्लाला तो नसतो, काही महिन्यांनी दिसू लागतो आणि पूर्ण भरायला साधारण दोन-तीन वर्षं जातात. डोळा झाकेपर्यंत वाढलेला गोंडा असलेला मासा कोवळा नक्कीच नाही.

वर्तुळांचं वाचलंत ते बरोबर आहे. थंडीत वाढ मंदावते, तेव्हा खवल्यावर रेषा दाट पडतात, आणि थंड प्रदेशातल्या तळ्यातल्या माशांचं वय त्यावरून काढतात. पण आपल्या घरातल्या टाकीत वर्षभर पाणी कोमट, त्यामुळे रेषा स्पष्ट पडत नाहीत. त्यासाठी खवला उपटू नका, जखमेतून बुरशी लागते. कानातल्या बारीक खड्यांवरूनही वय काढतात, पण मासा मेल्यावरच.

खरा पुरावा जुन्या फोटोत सापडेल. ती वळलेली कड शोधा. रंग बदलतो, पण झाकणाचा तो बाक सहसा जात नाही.

आणि "म्हातारा" शब्दाने खचू नका. नीट सांभाळला तर ओरांडा दहा-पंधरा वर्षं जगतो. इंग्लंडमधला टिश नावाचा साधा गोल्डफिश १९५६ साली जत्रेत बक्षीस म्हणून मिळाला होता, तो १९९९ साली गेला, ४३ वर्षांचा होऊन.

दुपारच्या उघडझापीचं कारण मला पाण्यात दिसतं. पाणी तापलं की त्यातला ऑक्सिजन कमी होतो. शिवाय सगळं पाणी एकदम बदलून स्पंज नळाखाली धुतला की क्लोरीनने त्यातले उपयोगी जिवाणू मरतात आणि माशाच्या मलमूत्राचा अमोनिया साठत राहतो. एअर पंप दिवसभर चालू ठेवा. दर आठवड्याला पाव भाग पाणीच बदला, नवीन पाण्यात अँटीक्लोरीन घाला, आणि स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा. अमोनिया तपासायचं किट मिळतं, ते आणाच.

धागाकर्ती

तुमचे किती आभार मानू! किटमध्ये अमोनिया आला, तुम्ही म्हणालात तसाच. दहा दिवस पंप चालू आहे, पाणी थोडं थोडं बदलतेय, आणि दुपारची उघडझाप जवळजवळ थांबली आहे.

फोटोही सापडला. २०१६ च्या गणपतीचा, मखराच्या मागे टाकी आणि टाकीत सोन्या, पूर्ण केशरी. मोठा करून पाहिला तर उजव्या कल्ल्याची कड वळलेलीच. गोंडा तेव्हाही चांगला भरलेला दिसतोय, म्हणजे २०१४ च्या आसपासचा तरी असावा ना? आत्याला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "मग हा दुसराच सोन्या. पहिल्याचा कल्ला सरळ होता." आणि थोडा वेळ काहीच बोलली नाही.

आता एकच विचारायचंय. डाव्या बाजूला टाकलेला दाणा त्याला दिसत नाही, तो वासाने शोधत फिरतो. बुडणारे दाणे रोज एकाच कोपऱ्यात टाकले तर सवय होईल का? कुणी तसं केलं असेल तर सांगा.