मदत हवी आहे: तिवर आणि कांदळ एकाच फेरीत कुठे दाखवता येतील?

नमस्कार मंडळी, मी ठाण्यात नववीला विज्ञान शिकवते. मुलांना दूरच्या नात्याची दोन सपुष्प झाडं तुलनेसाठी द्यायची आहेत. खाडीकाठी राहून गुलाब-जास्वंद कशाला? म्हणून तिवर आणि कांदळ ही खारफुटीची झाडं घेतलीत.

तिवर अडुळसा-कोरांटीच्या कुळातलं. कांदळ मात्र एरंड ज्या गणात येतो त्या गणातलं. नातं इतकं लांबचं, तरी दोघं त्याच खाऱ्या चिखलात तगतात, तेही वेगळ्या रीतीने. तिवर पानांतल्या ग्रंथींवाटे मीठ बाहेर टाकतं, कांदळ बरंचसं मीठ मुळाशीच अडवतं. तिवराची श्वसनमुळं चिखलातून पेन्सिलींसारखी वर येतात, कांदळाची आधारमुळं खोडातून वाकून खाली उतरतात. बी झाडावरच रुजणं दोघांतही आहे, पण कांदळाचे लांब हिरवे कोंब फळाबाहेर लोंबतात आणि तिवराचा अंकुर फळाच्या सालीआडच राहतो. मला हेच सगळ्यात विलक्षण वाटतं.

अडचण अशी, की ठाणे खाडीत जिकडेतिकडे तिवरच. ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रात किंवा वाशी-नेरूळकडे, चिखलात न उतरता कांदळ जवळून कुठे दिसेल? कोंब कोणत्या महिन्यांत हमखास असतात? भिंगातून पानावरचं मीठ दाखवायला सकाळ बरी की दुपार? मुलांना घेऊन कुणी गेलं असेल तर ओहोटीची वेळ कशी साधली तेही सांगा. फांदी तोडायची नाही, पाहूनच नोंदी करायच्या आहेत.