लिंगनबेरीची वाइन आंबायलाच तयार नाही, मदत हवी आहे

मुक्काम फिनलंड. जंगलातून वेचलेल्या 6 किलो लिंगनबेरी (करवंदापेक्षा लहान, लालभडक, आंबट-तुरट) ठेचून, साखर-पाणी घालून 20 लिटर रस केला. ईसी-1118 हे वाइनचं यीस्ट दोनदा घातलं, यीस्टचं खाद्यही दिलं. खोलीत 21 अंश. सहा दिवस झाले, रसाची घनता (म्हणजे साखर किती उरली ते) दाखवणारा हायड्रोमीटर 1.085 वर ठाण मांडून बसलाय, एअरलॉकमध्ये (आतला वायू बाहेर सोडणाऱ्या झडपेत) एक बुडबुडा नाही. या फळातलं बेंझोइक आम्ल यीस्टला दाबतं, हे कळलंय; म्हणून तर इथे ही फळं नुसत्या पाण्यात महिनोन्महिने टिकतात! याच डब्यात बिलबेरीची (इथलंच निळं-जांभळं रानफळ) वाइन मात्र झकास झाली होती.

पुढेमागे परवाना काढून विकायची आहे, त्यामुळे आणखी पाणी घालून चव पातळ करायची नाही. जोमात आंबणाऱ्या बिलबेरीच्या रसात हा रस थोडाथोडा मिसळत गेलो तर चालेल का? दर वेळी किती, आणि किती तासांनी?