विहिरीतलं पोहणं आणि अंदमानातलं स्नॉर्केलिंग

‘गावच्या विहिरीत सूर मारणाऱ्याला अंदमानात वेगळं काही शिकावं लागत नाही’ हे पोहण्यापुरतं पटतं. पण स्नॉर्केलिंगमध्ये, म्हणजे मास्क आणि श्वासाची नळी लावून पाण्यावर तरंगत खालचं पाहण्यात, खरी अडचण श्वासाची आहे. तोंड पाण्यात, नाक मास्कमध्ये बंद. सवयीने नाकाने श्वास सोडला की मास्कची कड उचलली जाते, पाणी शिरतं आणि पट्टीचा पोहणाराही घाबरतो. म्हणून निघण्याआधी मास्क-नळी घेऊन शेतातल्या सिमेंटच्या टाक्यात, पाय टेकतील एवढ्या पाण्यात फक्त तोंडाने श्वास घेण्याचा सराव करा. बोडीत, म्हणजे गावच्या छोट्या तळ्यात नको, गढूळ पाण्यात काहीच दिसत नाही. श्वास लांब आणि सावकाश हवा, कारण छोट्या श्वासात नळीतली वापरलेली हवाच परत आत येते. नळीत पाणी आलं तर एकाच झटक्यात जोरात फुंकायचं. मास्क घेताना पट्टा न लावता चेहऱ्यावर धरून नाकाने हवा ओढा. चिकटून राहिला तरच तो आपल्या मापाचा. मिशी असेल तर तिथून गळतो, व्हॅसलिनचा पातळ थर लावा.

दिवस मात्र भरती-ओहोटीप्रमाणे आखा; वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते. ओहोटीत उघड्या खडकांवर बगळे, खेकडे दिसतात, तेव्हा दुर्बीण काढा. पाण्यात भरतीच्या सुमारास उतरा, नाहीतर उथळ पाण्यात पाय थेट प्रवाळावर पडतो. प्रवाळ जिवंत प्राणी आहे, आणि 1972 च्या वन्यजीव कायद्यात आपल्या ताडोबातल्या वाघासारखाच पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत आहे. किनाऱ्यावरचा मेलेला तुकडाही पिशवीत टाकू नका. अंगात पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट ठेवा. पाण्याच्या गारव्यात पाठ भाजतेय हे कळतच नाही.