चिनी सहकारी मन मोकळे करीत नाहीत, की मलाच त्यांची भाषा उमगत नाही?

प्रश्न : सुजौनिवासी

नमस्कार. मी मूळची सांगलीची. गेले नऊ महिने नोकरीनिमित्त शांघायजवळच्या सुजौ शहरात राहते. निघण्यापूर्वी घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनी एकच गोष्ट निरनिराळ्या शब्दांत ऐकवली होती : चिनी माणूस कष्टाळू आणि शिस्तीचा असतो, पण मनाचा थांग लागू देत नाही, आणि त्याची मैत्री कामापुरती असते. तेव्हा मी ते मनावर घेतले नव्हते. आता मात्र ते वाक्य वारंवार आठवते, आणि आपणही त्यावर विश्वास ठेवू लागलो की काय, याची भीती वाटते.

दिवाळीत मी शेजारच्या टेबलावरच्या मुलीला घरी जेवायला बोलावले. ती हसली, ‘नंतर बोलू’ म्हणाली, आणि तो विषय तिथेच राहिला. पुढच्याच आठवड्यात मला ताप आला असताना मी कामावर गेले, तेव्हा हीच मुलगी गरम पाण्याने भरलेला थर्मास माझ्या टेबलावर ठेवून निघून गेली. ‘गरम पाणी भरपूर पी’, एवढाच तिचा संदेश फोनवर आला. काय होते आहे, डॉक्टरांकडे गेलीस का, असे तिने काहीच विचारले नाही. मी तो थर्मास घासून, पुसून दुसऱ्या दिवशी परत केला आणि तीन वेळा आभार मानले. तेव्हापासून ती अधिकच औपचारिक वागते आहे, असे मला वाटते. हा स्वभावाचा भाग आहे, की माझे काही चुकले? येथे ज्यांनी चिनी माणसांशी खरी मैत्री केली आहे, त्यांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद : भाषाभ्यासी

ताई, मी बरीच वर्षे चिनी भाषेतून अनुवाद करतो आणि तीन वर्षे तिकडे राहिलो आहे. तुमच्या प्रसंगात स्वभावापेक्षा शब्दांचा वाटा मोठा आहे, असे मला वाटते.

पहिला शब्द ‘खछी’. आपण त्याचे भाषांतर ‘सौजन्य’ असे करतो, पण त्यातल्या पहिल्या अक्षराचा अर्थ ‘पाहुणा’ असा आहे. आभार मानल्यावर समोरचा ‘बू खछी’ म्हणतो, म्हणजे ‘पाहुण्यासारखे वागू नकोस’. जवळच्या माणसाचे पुन्हा पुन्हा आभार मानले की त्याला परके केल्यासारखे होते. हे आपल्याला नवे नाही. आईने ताट वाढल्यावर आपणही ‘धन्यवाद’ म्हणत नाही, आणि एखाद्या जुन्या मित्राने तसे म्हटले तर ‘एवढा परका कधीपासून झालास?’ असे विचारतो. तुम्ही तीनदा आभार मानलेत, तेव्हा तुमच्या मनात कृतज्ञता होती, पण तिच्या कानावर बहुधा ‘आपण अजून पाहुण्याच आहोत’ असे पडले.

दुसरा शब्द ‘झायशुओ’, म्हणजे ‘नंतर बोलू’. हा बहुतेक वेळा तोंडावर नाही न म्हणता दिलेला नकार असतो, जसे आपले ‘बघू या’. परंतु तो नकार तुम्हाला नव्हता, घरी येण्याला होता. तिथल्या शहरांत ओळख वाढते ती बाहेर एकत्र जेवताना. घरी बोलावणे हे पुढच्या पायरीवरचे निमंत्रण आहे. तुम्ही एकदम वरच्या पायरीवरून हाक दिली, एवढेच.

आणि मला सर्वांत आवडणारी जोडी : अनोळखी माणसाला ‘शंगरन’ आणि ओळखीच्याला ‘शूरन’ म्हणतात. यांतल्या ‘शंग’चा एक अर्थ कच्चा आणि ‘शू’चा पिकलेला किंवा शिजलेला. आपण मैत्री मुरली असे म्हणतो, तेच हे. लोणचे घातल्याच्या दुसऱ्या दिवशी बरणी उघडून ते मुरले नाही म्हणून कैरीला दोष देण्यात अर्थ नाही.

थर्मासबद्दल मात्र स्पष्टच लिहितो. गरम पाणी ही तिथली विचारपूसच आहे. घरोघरी, आगगाडीत, कचेरीत उकळते पाणी हाताशी असते, आणि आजारी माणसाला ते देणे हे आपल्याकडे कपाळावर हात ठेवून पाहण्याइतके साधे आणि आपुलकीचे आहे. अशा लहान उपकारांच्या देवाणघेवाणीला ‘रनछिंग’ म्हणतात, आणि त्यात हिशोब लगेच फेडून टाकणे म्हणजे नाते मिटवणे. शेजारणीकडून आमटीची वाटी आली तर ती रिकामी परत पाठवू नये, हे आपल्याला लहानपणी शिकवलेले असते. तुम्ही थर्मास रिकामा परत केलात.

प्रतिसाद : हार्बिनचा विद्यार्थी

वरील प्रतिसाद पटला, पण ‘चिनी माणूस’ या शब्दप्रयोगालाच माझी हरकत आहे. माझे वैद्यकीय शिक्षण हार्बिनला झाले. ईशान्येकडच्या त्या भागाला दोंगबेई म्हणतात, आणि तिथली माणसे मोठ्या आवाजात बोलणारी, मनात येईल ते ताडकन सांगणारी आणि आग्रहाने खाऊ घालणारी म्हणून सबंध चीनमध्ये प्रसिद्ध आहेत. माझ्या घरमालकीणबाईंनी पहिल्याच भेटीत माझे वय, वडिलांचा पगार आणि लग्न कधी करणार हे तिन्ही प्रश्न विचारले. महिन्याभरात ‘जाड झालास’ हेही सांगून झाले. थांग न लागणारा स्वभाव म्हणतात तो मला त्या घरात औषधालाही सापडला नाही. याउलट सुजौची बोली इतकी मृदू मानली जाते की ‘निंगबोकराचे बोलणे ऐकण्यापेक्षा सुजौकराचे भांडण ऐकलेले बरे’ अशी तिकडे म्हणच आहे.

२०१४ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात थॉमस टॅलहेम आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे एक संशोधन प्रसिद्ध झाले. त्यांनी चीनमधल्या बहुसंख्य हान समाजातल्या १,१६२ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि यांगत्से नदीच्या दक्षिणेकडचे भातशेतीच्या मुलखातले विद्यार्थी उत्तरेकडच्या गहू पिकवणाऱ्या मुलखातल्यांपेक्षा परस्परावलंबी विचार अधिक करतात, असे मांडले. कारण असे दिले की भाताला पाणी वाटून घ्यावे लागते, लावणी-कापणीला एकमेकांच्या शेतावर जावे लागते, आपल्याकडच्या इर्जिकीसारखेच. या सिद्धांतावर पुष्कळ वाद झाले, आणि सगळेच भातावर ढकलणे मलाही मान्य नाही. पण एकाच देशात, एकाच हान समाजात इतका फरक दिसत असेल, तर सव्वाशे कोटींहून अधिक माणसांचा एकच स्वभाव आपण कोणत्या आधारावर सांगतो? ताई, तुमच्या त्या सहकारी मूळच्या कुठल्या आहेत, हे तुम्ही कधी विचारले आहे का? सुजौसारख्या शहरात नोकरी करणारे किती तरी जण स्वतःच बाहेरगावचे असतात, आणि तुमच्याइतकेच एकटे असतात.

प्रतिसाद : निवृत्त शिक्षक

मला दोन्ही बाजूंनी थोडे सावध करावेसे वाटते. थांग न लागणारा चिनी माणूस ही प्रतिमा घडवण्यात एकोणिसाव्या शतकातल्या पाश्चात्त्यांचा मोठा हात आहे. अमेरिकन मिशनरी आर्थर स्मिथ शानदोंग प्रांतात अनेक वर्षे राहिले आणि त्यांनी चिनी स्वभावाचे एकेक लक्षण घेऊन प्रकरणे लिहिली. चिनी माणसाला वेळेची पर्वा नसते, असेही त्यांत होते. आज आपण त्याच लोकांना घड्याळाच्या काट्यावर चालणारे म्हणतो. म्हणजे लक्षण उलटे झाले तरी लक्षणे चिकटवण्याची सवय कायम राहिली. विशेष असे की थोर चिनी लेखक लू शुन यांनी १९३६ साली, निधनाच्या थोडेच आधी, स्मिथ यांचे ते लेखन चिनी भाषेत यावे आणि वाचकांनी त्यातले खरे कोणते, खोटे कोणते हे स्वतः पारखावे, अशी इच्छा लिहून ठेवली. इतक्या मोकळेपणाने आपण आपल्याविषयीचे परक्याचे लेखन वाचू शकू का, असा प्रश्न मला नेहमी पडतो.

तसेच ‘ते अगदी आपल्यासारखेच आहेत’ हाही एक साचाच आहे. सीमेविषयी किंवा राजकारणाविषयी तुमच्या सहकारी गप्प राहतील, तर ते गप्प राहणे स्वभावाच्या खात्यावर टाकू नका आणि बोलण्याचा आग्रहही धरू नका. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली पाच डॉक्टरांच्या पथकातून तिकडे गेले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तिथेच वारले. त्यांचे सहकारी परतले, ते मात्र राहिले. चिनी बोलायला आणि लिहायला शिकले, को छिंगलान या परिचारिकेशी त्यांनी विवाह केला, आणि मुलाचे नाव इनहुआ, म्हणजे ‘भारत-चीन’, असे ठेवले. त्यांचे नाव घेतले की वयस्कर चिनी माणसांचे चेहरे उजळतात. तुमच्या वयाच्या मुलीशी मात्र तुम्हाला स्वतःच्या पायांनीच चालत जावे लागेल. तिला एखादी लहानशी मदत मागून पाहा. मदत करण्याइतकीच मदत मागण्यातही आपुलकी असते.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद : सुजौनिवासी

आपणा सर्वांची मनापासून आभारी आहे. रिकाम्या थर्मासचे वाचून मला खरोखर वाईट वाटले, कारण माझी आजी मला वाटीत निदान चिमूटभर साखर तरी घालून परत पाठवायला लावीत असे.

माझी ती सहकारी आन्हुई प्रांतातल्या एका लहान गावची आहे, हे नऊ महिन्यांत मी प्रथमच विचारले. मग सुट्टीच्या दिवसाचे आगगाडीचे तिकीट काढताना माझ्या फोनवर अडलेले तिने जेवणाच्या सुट्टीत वीस मिनिटे बसून सोडवून दिले. मी या वेळी आभार मानले नाहीत. दुसऱ्या दिवशी बेसनाचे लाडू स्टीलच्या डब्यात घालून तिच्या टेबलावर ठेवले. तिने अर्धा लाडू तिथेच खाल्ला, फार गोड आहे असे स्पष्ट सांगितले, आणि उरलेला अर्धा चहाबरोबर संपवला.

डब्याला आता चार दिवस झाले. आज सकाळी तिने मला ‘ज्ये’, म्हणजे ताई, अशी हाक मारून विचारले की डबा परत करायची घाई नाही ना, कारण तिची आई गावाहून काही तरी पाठवणार आहे.