ए३८० विमानाच्या पत्र्याचा टॅग खरा कसा ओळखावा?

प्रश्न: ‘९व्ही-एसकेए’ या नोंदणी क्रमांकाच्या ए३८० विमानाच्या पत्र्यातून कापलेला म्हणून एक टॅग (किल्लीला लावायचा बिल्ला) विकायला आहे. घेण्याआधी काय पाहू? आणि मुंबईच्या दमट हवेत टिकेल का?

भिंगवाला: आधी चुंबक लावा. चिकटलं तर पोलाद, विषय संपला. मग कड भिंगाखाली धरा. ए३८० च्या वरच्या अंगाचा बराच भाग ‘ग्लेअर’चा आहे: अर्ध्या मिलिमीटरपर्यंतचे ॲल्युमिनियमचे थर आणि मधे काचतंतू. कडेला अशा बारीक रेघा दिसल्या तर फार चांगली खूण. मात्र खालच्या अंगाचा पत्रा सलग असतो, त्यामुळे रेघा नाहीत म्हणून लगेच खोटा ठरवू नका.

रनवे२७: नोंदणी क्रमांकापेक्षा कारखान्याचा अनुक्रमांक मागा. विमान दुसऱ्या कंपनीकडे गेलं की नोंदणी बदलू शकते: अनुक्रमांक ००६ चं विमान आधी ९व्ही-एसकेसी होतं, नंतर ९एच-एमआयपी झालं. ९व्ही-एसकेए म्हणजे अनुक्रमांक ००३. २५ ऑक्टोबर २००७ ला सिंगापूर-सिडनी हे ए३८० चं पहिलं प्रवासी उड्डाण त्यानेच केलं, आणि शेवटी फ्रान्समधल्या तार्बला ते सुटं झालं. विक्रेत्याची माहिती याच्याशी जुळलीच पाहिजे.

पत्राप्रेमी: दमट, खारट हवेत टॅगची पोलादी कडी आणि ॲल्युमिनियम एकमेकांना लागले की भोकाभोवती पांढरी भुकटी धरते. कडी काढून नायलॉनचा दोरा घाला. ॲसिटोन नको, रंग उतरेल. सौम्य साबणाने पुसा, पूर्ण वाळवा, वर मेणाचा पातळ हात द्या. कड अजिबात घासू नका. काचेची धूळ उडते, शिवाय जुन्या हिरवट प्राइमरमध्ये (रंगाखालच्या अस्तरात) क्रोमेट असू शकतं, ते विषारी.